रुमालाखालचा भाव

सांगलीला बदली झाली तेव्हा खणभागात एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून बघायला गेलो. घरमालक दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी भाडं विचारलं. त्यांनी तोंडानं काही उत्तर दिलं नाही. खांद्यावरचा मोठा चौकटीचा रुमाल माझ्या उजव्या हातावर टाकला, आपला हात आत सरकवला आणि माझी बोटं दाबायला लागले. मला गुदगुल्या झाल्या आणि मी खो खो हसलो.

"हसाय काय झालं? भाव सांगतुया," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "आवं, सगळ्यांस्नी येत न्हाई ते. तोंडानं सांगा." पण तोंडानं त्यांनी सांगितलं नाहीच. तीन बोटं पुरती दाबली आणि चौथ्याचं मधलं पेर दाबून थांबले. काकूंनी बाहेर येऊन अर्थ लावला, की साडेतीन हजार आणि लाइटबिल वेगळं.

सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. चाळीस वर्षं त्यांनी हळदीची दलाली केली होती. पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागू द्यायचे नाहीत. पूर्ण पंजा दाबला की सौदा पक्का. हात काढून घेतला की सौदा मोडला, मग त्या दिवशी त्या मालाबद्दल पुन्हा शब्द काढायचा नाही. पुढे उघड लिलाव आले, आता तर भाव स्क्रीनवर येतात. आबांचा रुमाल मात्र खांद्यावरून उतरला नाही. भाजीवाल्या मावशींनी एकदा तो त्यांच्याच तोंडावर फेकला होता, तरीही नाही.

मला खोली मिळाली ती माझ्या नोकरीमुळे. सरकारसाठी भाव टिपायचं माझं काम. दर आठवड्याला ठरलेल्या दुकानांत जायचं, तूरडाळ, गोडेतेल, साबण, न्हाव्याकडची दाढी यांचे भाव विचारायचे आणि टॅबमध्ये भरायचे. महागाई किती वाढली ते मग वरचे कोणीतरी ठरवतात. आबांना हे ऐकून आधी आनंद झाला आणि मग संताप आला.

"डाळ हातात घिऊन बगता का न्हाई?"

"नाही. फक्त भाव विचारतो."

"माल न बगता भाव लिवता? अन् सरकार तुमाला पगार देतंय?" त्या दिवसापासून मला ते 'सरकार' म्हणायला लागले. "सरकार, चा घ्या." "सरकार, आज तुमच्या राज्यात टोमॅटो काय म्हनतोय?"

माल कसा बघायचा ते त्यांनी मला शिकवलं. पोत्याच्या तोंडाशी असलेली हळकुंडं बघायचीच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचा, मधल्या भागातली मूठ काढायची, एक हळकुंड मोडायचं, वास घ्यायचा. वर पिवळीधमक हळकुंडं रचून खाली भुंगा लागलेली भरणाऱ्याला त्यांच्याकडे माफी नव्हती. इस्लामपूरकडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना असा वेचीव नमुना दाखवला होता. आबांनी त्याच्याशी जन्माचा व्यवहार तोडला. त्या माणसाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तर ती उघडलीसुद्धा नाही. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

आता खरा वेडेपणा सांगतो. आबांच्या खिडकीच्या फळीवर काचेच्या बरण्यांच्या दोन रांगा होत्या. डावीकडे पुणं, उजवीकडे बंगळूर. प्रत्येक रांगेत तूरडाळ, तांदूळ, चहापूड, साखर, हळद. पुण्याचे नमुने ते स्वतः एसटीनं जाऊन आणायचे. बंगळूरचे नमुने त्यांचा मुलगा उमेश दिवाळीला घेऊन यायचा, कारण आणले नाहीत तर आबा दिवाळीभर बोलायचे नाहीत. आल्यागेल्याला ते दोन्हीकडची डाळ चावायला लावत आणि विचारत, "सांगा, कुठली सरस?" भाव मात्र रुमालाखाली. कोणी चुकून बंगळूर म्हणालं तर त्याला चहा मिळत नसे.

उमेश बंगळुरात कंपनीत होता. त्याची बायको जत तालुक्यातली, कानडी बोलणारी, बंगळुरातल्याच एका शाळेत शिकवायची. पाच वर्षांची मुलगी होती. तिघांचं बरं चाललं होतं. आबा एकदाच त्यांच्याकडे गेले होते, आठ दिवसांसाठी. तिथे त्यांनी चार ठिकाणी चार वेळा दाढी केली, भाव कळावा म्हणून. रिक्षावाल्याच्या हातावर रुमाल टाकला, तर त्यानं घाबरून रिक्षा थांबवली आणि यांना रस्त्यात उतरवलं. उमेशला कामावरून उठून शोधायला जावं लागलं. ही गोष्ट आबा स्वतःच हसत सांगत. मात्र शेवटी न चुकता म्हणत, "पुन्यातला रिक्षावाला आसं करायचा न्हाई." पुण्याच्या रिक्षावाल्याबद्दल इतका विश्वास मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही.

दर रविवारी उमेशचा फोन यायचा आणि बापलेक महागाईवर बोलायचे. नातीची चौकशी झाली, की लगेच पुण्यात मेथीची पेंडी काय भावानं आहे ते. उमेशही बापाचाच मुलगा, तो तिकडचे आकडे वाचून दाखवायचा. भाडं, शाळेची फी, गॅस, दूध. वर त्याचा पगार. बेरीज केली की बंगळूरच परवडायचं. आबा फोन ठेवून बराच वेळ बरण्यांकडे बघत बसायचे.

एका रविवारी काकूंना राहवलं नाही. "आवं, कशाला त्या मेथीच्या मागं लागलाय? सरळ सांगा की त्याला. पोरा, लय लांब गेलास, पुन्यापर्यंत तरी ये. चार-पाच तासांत दिसशील तरी."

आबा चिडले. "भाव कुनी वरडून सांगतं का?"

मी जिन्यात उभा होतो. बरण्यांचं सगळं प्रकरण मला त्या वाक्यानं कळलं. या माणसानं आयुष्यभर आपल्याला काय हवं ते तोंडानं सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं की समोरचा ते हेरणार आणि भाव पाडणार, ही त्यांची शिकवण. पोटच्या पोरालासुद्धा 'ये' म्हणायचं त्यांना जमत नव्हतं. ते म्हणत होते, की पुण्यात मेथी स्वस्त आहे.

मग उमेशला पुण्यातून एका कंपनीचं बोलावणं आलं. पगार तिथल्यापेक्षा कमी. तो येतो-येत नाही असा घोटाळत होता. म्हणाला, आबा, एकदा नीट तुलना करून पाठवा, मग ठरवू. त्या दिवशी आबा जिना चढून माझ्या खोलीत आले. त्यापूर्वी ते कधी वर आले नव्हते.

"सरकार, उद्या पुन्याला जायाचं. नमुना काढाया. तुमी लिवायचं. तुमचं अक्षर सरकारी हाय, तुमच्यावर इश्वास बसंल त्येचा."

मी गेलो. कशाला गेलो, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतो आहे. काकूंच्या हातची भाकरी खात होतो म्हणून असेल. किंवा माझी स्वतःची आई साताऱ्यात एकटी होती आणि मी महिन्यातून एकदा, तेही मळलेले कपडे घेऊन जायचो, म्हणून असेल. कोणाचा तरी मुलगा जवळ यावा असं मलाही वाटलं.

पहाटेच्या एसटीनं पुण्यात पोचलो. आबांनी मला उमेशच्या नव्या ऑफिसच्या भागात नेलंच नाही. शहराच्या पार टोकाला, नुकतंच पुण्याच्या हद्दीत घेतलेलं एक गाव होतं. तिथे एक नवी इमारत अर्धी रिकामी उभी होती. नळ आलेला नव्हता. भाडं म्हणाल तर सांगलीपेक्षा जरासं जास्त. "लिवा," आबा म्हणाले. जवळच एक शाळा नुकती सुरू झाली होती, पहिल्या वर्षी निम्मी फी घेत होती. "लिवा." दुपारी मंडईत गेलो. मी भाव विचारायला पुढे झालो तर त्यांनी माझी बाही धरली. "आत्ता न्हाई." चार तास त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी भाजीवाल्या उरलेल्या पेंड्या मिळेल त्या भावाला फुंकून टाकायला लागल्या तेव्हा म्हणाले, "आता इचारा."

मी विचारत होतो तेव्हा ते पलीकडे तोंड करून उभे होते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारा हा माणूस त्या दिवशी कशालाच हात लावत नव्हता. मला दिसत होतं ते. तरीही ते सगळे भाव टॅबमध्ये लिहिले आणि सांगलीला येऊन सरकारी तक्त्यासारखा एक छान तक्ता करून उमेशला पाठवला.

दोन दिवसांनी त्याचा मला फोन आला. "तुम्ही सरकारी माणूस आहात म्हणून विचारतो. हे भाव खरे आहेत ना?"

"हो," मी म्हणालो. "एकूण एक भाव मी स्वतः विचारलाय."

यात खोटं काही नव्हतं. कुठे विचारले, किती वाजता विचारले, असं त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःची समजूत घालत असतो. त्यानं विचारलं नाही. मोबाइलवर त्यानं दुसरे आकडे पाहिलेच असणार, पण तिथे सगळ्या तऱ्हेचे आकडे असतात. शिवाय त्यालाही यायचं असावं. आणि आपला बाप मालात कधी फसवत नाही, हे तो लहानपणापासून सांगलीच्या बाजारात ऐकत आला होता.

ते आले, त्याच टोकाच्या इमारतीत राहायला. आबांनी त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले. बंगळूरच्या रांगेतल्या बरण्या त्यांनी फळीवरून काढून खाली कोपऱ्यात ठेवल्या. दोन महिने दर शनिवारी उमेशची गाडी दारात लागायची. नात जिन्यावर उड्या मारायची, आबा तिची बोटं रुमालाखाली दाबून तिला आकडे शिकवायचे, तिला गुदगुल्या व्हायच्या आणि दोघं हसायची. ते दोन महिने मी पाहिले आहेत. त्यासाठी एवढं केलं ते बरंच झालं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

मग गाडी शनिवार चुकवायला लागली. त्या इमारतीत नळ आलाच नाही. टँकरची वर्गणी भाड्याच्या वर जायला लागली. तिथून ऑफिसला जायला दोन तास, यायला दोन तास. ऑफिसजवळ घर बघितलं तर भाडं दुपटीहून जास्त. जून उजाडला तशी शाळेनं पूर्ण फी मागितली. सुनेला पुण्यात नोकरी मिळेना, जिथे मिळत होती तिथे पगार हातात घेताना लाज वाटावी असा. दोघांची भांडणं व्हायला लागली. काकू फोनवर ऐकायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. वर्ष व्हायच्या आत सून मुलीला घेऊन बंगळूरला परत गेली. तिच्या जुन्या शाळेनं तिला घेतलं. उमेशची तिकडची जागा भरलेली होती. तो पुण्यात एकटा राहिला.

त्यानंतर तो एकदाच सांगलीला आला, एका मंगळवारी दुपारी. मी जेवायला घरी आलो होतो. काकूंनी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं नाही. उभाच होता.

"आबा, मी काल त्या इमारतीत जाऊन आलो," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "आम्ही सोडल्यापासून खोली अजून रिकामी आहे. भाडं तुम्ही लिहिलंत तेच आहे. मंडईत संध्याकाळपर्यंत थांबलो. कोथिंबीरही त्याच भावानं मिळाली. सगळे भाव खरे आहेत."

आबा खाली बघत होते.

"दुसऱ्या कोणासाठी गेला असतात, तर पोत्यात हात घातला असतात ना?"

 आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, उठून उमेशजवळ गेले आणि त्याच्या हातावर टाकला. आपला हात आत घातला. कापड एकदा हललं. आत काय दाबलं, किती बोटं दाबली, काय देऊ केलं, मला माहीत नाही. उमेशनं हात काढून घेतला. रुमाल फरशीवर पडला.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही," एवढंच म्हणाला. मला वाटलं पुढे काही बोलेल. तो नाही बोलला. मला आजही वाटतं, त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या.

काकू त्याच दिवशी त्याच्याबरोबर गेल्या. पिशवी भरताना म्हणाल्या, "तिथं त्येला जेवाय कोन घालनार?" आबांना कोण घालणार, हे त्या बोलल्या नाहीत आणि आबांनीही विचारलं नाही. बरोबर या असं काकूंनी त्यांना म्हटलं होतं का, मला ठाऊक नाही. म्हटलं असलं तरी ज्याच्याशी सौदा मोडला त्याच्या दारात आबा पाय ठेवणाऱ्यांपैकी नव्हते. इस्लामपूरच्या व्यापाऱ्याला त्यांनी जी शिक्षा दिली तीच आता स्वतःला दिली होती.

त्यानंतरचे आबा सांगायला मला जड जातं. ते स्वतः रांधायला लागले, आणि सामान आणायचं सोडून बरण्यांतलं संपवायला लागले. एकदा मला ताटलीत खिचडी आणून दिली. "दोन्हीकडची डाळ एकत्र केली, सरकार. खाऊन सांगा कुठली लागती." डाळीला जुनाट वास होता, किडे वेचलेले असावेत. मी म्हणालो, एकच चव लागते. "व्हय," ते म्हणाले. "मला बी."

आणि दर गुरुवारी ते पुण्याला जायचे. पहाटे जायचे, रात्री परत यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, मिटलं असेल. मी विचारलं, "उमेश कसा आहे?" म्हणाले, "कोथिंबीर म्हागली हाय." पुढच्या गुरुवारी मेथी. हळूहळू त्यांच्याच बोलण्यातून कळलं. उमेशनं आता ऑफिसजवळ एक खोली घेतली होती, तिच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाले बसत. आबा तिथे जाऊन दुपारी बारा वाजता, खऱ्या वेळेला, खरा भाव विचारायचे. पेंडी हातात घेऊन बघायचे, खालच्या काड्या मोडून बघायचे. मग परतीची एसटी धरायचे. शंभर पावलांवर बायको आणि मुलगा. एकदाही वर गेले नाहीत. ज्या पाच तासांच्या अंतरासाठी त्यांनी पोराचं घर मोडलं, ते अंतर काटायला त्यांना आता कोणाची आडकाठी नव्हती, आणि ते शेवटच्या शंभर पावलांपर्यंत जाऊन माघारी यायचे. मला त्यांचा राग यायचा. मग रात्री खालून भांड्याचा आवाज आला, की रागही टिकायचा नाही.

मी उमेशला फोन करायला हवा होता. एकदा सांगायला हवं होतं, की बाबा, तो तक्ता मीच केला, मला सगळं दिसत होतं. आणि हेही, की तुझे वडील दर गुरुवारी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. नंबर माझ्याकडे होता. मी केला नाही. आज करू, उद्या करू, यात दीड वर्ष गेलं आणि माझी साताऱ्याला बदली झाली.

जायच्या दिवशी आबा मला स्टँडपर्यंत पोचवायला आले. मी नको म्हणत होतो. एक पिशवी त्यांनी उचललीच. एसटी लागलेली होती, मी खिडकीजवळ बसलो, ते खाली उभे राहिले.  मी म्हणालो, "आबा, साताऱ्याला या. पुण्याच्या वाटेवरच आहे. गुरुवारी उतरत जा माझ्याकडे." त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, खिडकीच्या दांडीवरून माझ्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. मी बोटं मोजायला तयार झालो. इतक्या वर्षांत मला ते यायला लागलं होतं. पण त्यांनी एकही बोट दाबलं नाही. हात नुसता धरला.  मी वाट बघत राहिलो.

"सरकार," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं. चार वर्षांत पहिल्यांदा हा माणूस काहीतरी तोंडानं मागणार आहे, असं मला दिसलं. काय मागणार तेही कळलं. फोन. एक फोन करा म्हणून.

तेवढ्यात कंडक्टरनं बेल मारली, गाडी हलली. पाच-सात पावलं ते गाडीबरोबर चालले, हात न सोडता. ड्रायव्हर ओरडला, "ओ आजोबा, हात काढा!"

आबांनी काढला नाही. मी काढून घेतला.

मागे वळून पाहिलं, तर ते थांबले होते. रुमाल झटकत होते. मग त्यांनी त्याची व्यवस्थित घडी घातली आणि, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, तो खांद्यावर न टाकता खिशात ठेवला.